मातेला नऊवारी

मद्रासला रेल्वेच्या कचेरीत मी कारकून होतो आणि जॉर्ज टाउनमधल्या एका गल्लीत आमचं बिऱ्हाड होतं. बायकोला सहावा महिना लागला होता. आधी दोनदा आमची आशा मोडली होती, म्हणून या खेपेला डॉक्टरांनी तिला खाटेवरून उठायचीच बंदी केली होती.

शेजारच्या ख्रिस्ती सुईणबाई रोज तिला तपासून जात. सगळी गल्ली त्यांना अम्मा म्हणे. सप्टेंबरात त्यांच्या चर्चमध्ये मातेचा उत्सव असे. बायकोनं परस्पर नवस बोलून टाकला, मातेला साडी नेसवीन. "तिनंही नऊ महिने काढलेत," मला म्हणाली. "आणि अहो, नुसती ठेवून येऊ नका. नेसवलेली बघून या." साडी परत आली असती तर तिनं तो अपशकुन धरला असता आणि अंथरुणात रडून आकांत केला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

साडी मीच आणते, असं अम्मा म्हणत होत्या. पण साड्यांतलं मला फार कळतं, असा माझा तेव्हा समज होता. मातेची मूर्ती मी फक्त रस्त्यावरून पाहिलेली, चर्चच्या माथ्यावरची, दोन पुरुष उंच. तिला पाचवार कसं पुरणार? घेतलं चांगलं नऊवारी, हिरवंगार, जरीकाठी.

आत गेलो तर साडी नेसवायची मूर्ती वेगळीच, मिरवणुकीची. माझ्या कमरेएवढी!

तिला नेसवणाऱ्या म्हातारीनं घडी उलगडली, आणखी उलगडली, पदर बाकांपर्यंत पोचला. हे मातेसाठी आणलंय की मांडवासाठी, असं तिनं मला विचारलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. अर्धं कापून टाका, असं मी सुचवलं, तशी अम्मांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खांबाआड सरकलो. पोटुशीच्या नवसाची साडी कापायची?

मग तिघी-चौघी बसल्या आणि निऱ्यांवर निऱ्या घालत राहिल्या. त्या खोचल्यावर मातेच्या पुढं हा एवढा फुगवटा. आता काढतात बहुतेक!

म्हातारी दोन पावलं मागं झाली. बराच वेळ बघत राहिली. मग त्या फुगवट्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "हिलाही दिवस गेलेत. असू दे."

त्यानंतर कोणी हसलं नाही.

घरी जाऊन काय थाप मारायची ते वाटेत ठरवलं होतं. पण बायकोनं "नीट बसली ना?" विचारलं आणि मी सगळं सांगून बसलो, मांडवासकट. ती दोन्ही हातांनी पोट धरून हसायला लागली. कित्येक महिन्यांत हसली नव्हती, आणि मी मूर्ख तिला डॉक्टरांचा धाक घालत होतो.

पौषात मुलगी झाली, अम्मांच्याच हातांवर. मातेचे आभार मानायला मी लगेच निघालो होतो, पण बायकोनं अडवलं. "तुम्ही आता काही नेऊ नका. मी हिला घेऊन जाते."

सव्वा महिन्यानं ती स्वतःच्या पायांनी चालत गेली आणि मुलीला मातेच्या पायाशी ठेवलं. मी दारात चपला सांभाळत उभा होतो. तिथूनच हात जोडले, आणि तेही एका हातात तिची चप्पल असताना.