आईचे हात आणि बंद केलेला टच

मंडळी, खर्डीच्या सायबर कॅफेत बसून लिहितोय. दुपारी तहसील कचेरीतून आलो, डोकं अजून तापलेलंय.

जमिनीचे उतारे दाखवणारं टचस्क्रीनचं मशीन तिथं बसवलंय. पावसाळ्यात आईनं स्वतः बोट लावून सातबाऱ्यावरचं आपलं नाव बघितलं होतं. आज मावशीला ती गंमत दाखवायला म्हणून भातकापणी सोडून, हात साबणानं घासून आली.

बोट लावलं तर स्क्रीन ढिम्म. आतून क्लार्क ओरडला, "ओ बाई, हात नका लावू! तुम्हा लोकांच्या चिखलाच्या हातांनी बिघडलं, म्हणून टच बंद केलाय. काय पाहिजे ते खिडकीवर विचारा."

आईनं हात पदराखाली घेतला.

मी जवळ जाऊन बघितलं. स्क्रीनवर मधोमध हळदकुंकवाचा वाळलेला ओघळ! शिपायाला विचारलं, तर तो सहज बोलून गेला, "दसऱ्याला साहेबांनी मशीनची पूजा केली ना. तवापासून बटणं आपोआप दाबली जायला लागली. मग साहेबांनीच टच बंद केला."

क्लार्कला जाब विचारला. त्यानं फायलीत बघतच खिडकीवरच्या पुढच्या माणसाला हाक मारली.

रिक्षात आईला सगळं सांगितलं. ती मलाच म्हणते, "भांडतोस कशाला रे? पूजेनं कदी काय बिगडतं का? आपलेच हात खराब."

घरी सोडलं, तर परत हात घासत बसली.

शहापूर-मुरबाडच्या पोरांनो, तिला मी काय सांगू?