डोहात बुडवलेली होडी

सांगवीला पवनेच्या काठी आमची ‘गोदी’ होती. हा शब्द आजोबांचा. मुंबईच्या गोदीत सुतारकाम करून ते गावी परतले आणि नदीकाठी चार खांबांवर पत्रे टाकून होड्या बांधू लागले. गावाने यथेच्छ टिंगल केली. पण पलीकडे जायची वेळ आली की टिंगल करणारेच आमच्या होडीत बसत.

आबांच्या, म्हणजे वडिलांच्या काळात पूल झाले आणि गिऱ्हाईक आटलं. कंपनीत लागलेला थोरला भाऊ साहेबांशी बोलून आबांसाठी वॉचमनची जागा बघून आला. आबा भडकले. “माज्या हातात रंधा हाय, काठी न्हाई!” त्याच सुमारास, पूल लांब पडतो म्हणून, पलीकडच्या गावाने एक होडी बांधायला सांगितली. ती पसंत पडली तर आणखी मिळतील, गोदी तगेल, या एकाच आशेवर आबा होते.

होडी झाली. आमच्याकडची रीत अशी, की नवी होडी दगड भरून डोहात बुडवायची. लाकूड पाणी पितं, फळ्या फुगतात, सांधे घट्ट बसतात. आबांनी नारळ फोडला आणि होडी बुडवली. “आईच्या पोटात ठिवली,” म्हणाले.

त्या उन्हाळ्यात वरच्या अंगाला आलेल्या एका कारखान्याचं पाणी नदीत सुटत होतं. मेलेले मासे काठाला लागत होते. भाऊ म्हणालाही, “आबा, होडी बाहेर काढा.” आबांचं एकच, “नदी लाकडाचं वाईट करत न्हाई.” हट्टाला औषध नसतं.

होडी वर काढली तेव्हा पाणी आत येऊ नये म्हणून सांध्यांत ठासलेला काथ्या चिखलासारखा हाताला आला. डांबर सुटलं होतं, फळीत नख रुतत होतं. पलीकडची माणसं आली, बघून गेली. कुणी वावगं बोललं नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

आबांनी होडी स्वतःच फोडली. निदान भाकरी तरी भाजतील म्हणून आईने फळ्या चुलीत घातल्या. धुराने सगळ्यांचे डोळे झोंबले, आणि भाकरीला असा कडवट वास लागला की घास कुणाच्याच घशाखाली उतरेना. आबांनी मात्र मुकाट्याने अख्खी भाकरी संपवली. हात धुऊन त्यांनी भावाला विचारलं, “ती काठीची जागा हाय का रं अजून?”