स्केलमिअरचा निजलेला किताब

पडदा वर जातो तेव्हा रविवारचे सकाळचे अकरा वाजलेले असतात. हार्टरिगच्या चर्चमध्ये रंगीत काचेतून आलेला थोडा लाल, थोडा निळा उजेड फरशीवर सांडलेला. तिसऱ्या बाकावर दोन बायका. थोरली उंच, हाडापेराने मजबूत, डोक्यावर तपकिरी फेल्टची टोपी. धाकटी ठेंगणी, गोरीपान. स्तोत्रांचं पुस्तक दोघींत एकच. एक कोपरा हिच्या हातात, दुसरा तिच्या. थोरली खालच्या पट्टीत गाते, धाकटी वरच्या. असे जुळलेले आवाज मी आयुष्यभर रंगमंचावर हुडकले, क्वचितच मिळाले.

गाणं संपलं की धाकटी म्हणायची, "वारा उत्तरेचा आहे आज."

"हो. संध्याकाळपर्यंत पडेल," थोरली म्हणायची.

पुढच्या रविवारपर्यंत दोघींचं बोलणं एवढंच.

ही थोरली म्हणजे लेटिस थ्रेलकेल्ड. इंग्लंडच्या उत्तरेला वेस्टमरलंडच्या डोंगरांत फिरत्या वाचनालयाची गाडी चालवणारी. मंगळवारी वरचं खोरं, गुरुवारी खालचं. चढणीवर गाडी धापा टाकायला लागली की लेटिस तिला म्हाताऱ्या घोडीसारखी चुचकारायची. कुठल्या शेतकऱ्याला खुनाच्या गोष्टी आवडतात आणि कुठली विधवा प्रेमकथा वेताच्या टोपलीत अंड्यांखाली दडवून नेते, हे तिला पाठ होतं, पण यातलं अवाक्षर तिने कुणाला सांगितलं नाही.

आणि ही गाडीवाली बाई एका लॉर्डची मुलगी होती.

स्केलमिअरचा बॅरन हा किताब साडेसहाशे वर्षांचा. स्कॉटलंडचे लोक खिंडीतून खाली उतरत होते त्या काळात एका थ्रेलकेल्डने खिंड अडवून धरली, आणि राजाने त्याला पत्र धाडून दरबारात बोलावलं. त्या एका पत्रातून हा किताब जन्मला. पुढे बापाकडून मुलाकडे उतरत आला. एकदा मुलगाच नव्हता, तर एकुलत्या मुलीकडे गेला. एक बॅरन तळ्यात बुडाला, एकाने पत्त्यांच्या डावात अर्धं खोरं घालवलं, एकाने उरलेलं घोड्यांवर उडवलं. लेटिसचे वडील रॉजर हे एकोणिसावे बॅरन. त्यांच्या वाट्याला एक दगडी घर, दोनशे मेंढ्या आणि तो किताब आला. आणि दोन मुली.

१९५८ साली रॉजर गेले. दफनानंतर चहा चालू असताना घराण्याचे वकील मिस्टर फॉदरगिल यांनी दोघी बहिणींना खिडकीपाशी बोलावून घेतलं.

"मुलगे असते तर थोरल्याला सगळं. एकच मुलगी असती तर तिला. पण मुली दोन असल्या की कायदा थोरली-धाकटी मानत नाही. दोघी बरोबरीच्या."

"म्हणजे अर्धा अर्धा?" धाकट्या मॉडने विचारलं.

"नाही. म्हणजे कुणालाच नाही. किताब निजतो. एकीने मागितला आणि दुसरीने लिहून संमती दिली, तर राणीसाहेब तो जागा करू शकतात."

"आणि कुणीच मागितला नाही तर?"

"मग दोघींपैकी एकच उरली की तो आपोआप तिचा."

लेटिसला हसू आलं. "म्हणजे मॉडने मला मटणाच्या पुडिंगमधून विष घालायचं!"

"तुला पुडिंग वाढून मी ते वाया नाही घालवणार," मॉड म्हणाली. तिघंही हसले. त्या दिवशी हसण्यासारखं एवढंच घडलं होतं.

दहा वर्षं किताब खुशाल निजला. मॉड गावच्या दवाखान्यात मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका होती. बारा खाटांचा दवाखाना. खोऱ्यातली निम्मी मुलं तिच्या हातांवर जन्मली होती. मग वरून पत्रं यायला लागली की हे छोटे दवाखाने परवडत नाहीत, बंद करायचे. मॉडने अर्ज केले, सह्या गोळा केल्या, कुणी दाद देईना. एव्हाना कायदा बदलला होता. किताब अंगी असलेल्या बायकांनाही लंडनला संसदेच्या वरच्या सभागृहात बसून बोलता येत होतं. किताब मागायचा आणि तिथे दवाखान्यासाठी बोलायचं, असं मॉडने मनाशी ठरवलं.

१९६८ च्या एप्रिलमध्ये लेटिसच्या दारात एक लांबट पाकीट पडलं. आत मिस्टर फॉदरगिल यांचं दोन ओळींचं पत्र आणि संमतीचा कागद. 'मी, लेटिस थ्रेलकेल्ड, माझी बहीण मॉड हिच्या मागणीस हरकत घेत नाही.' खाली सहीसाठी मोकळी रेघ.

मॉड एका मैलावर राहत होती.

दुसऱ्या दिवशी गाडीवरच्या मदतनीस डोरिसने चहाचा थर्मास उघडला तेव्हाही लेटिस फणफणत होती.

"पोस्टाने पाठवते! वकिलाकरवी! मी काय परकी आहे?"

"अहो मिस थ्रेलकेल्ड, करून टाका ना सही. तुम्हाला हवाय का तो किताब?"

"मला? घालू कुठे? गाडीच्या छपरावर?"

"मग झालं की."

"झालं कसं? थोरली मी आहे. कायदा मानत नसेल, तिने तरी मानावं. दारात येऊन म्हणू दे, 'लेटी, मला हे हवंय.' तिथल्या तिथे सही देते. पेन तयार ठेवते."

"तुम्हीच जा की तिच्याकडे."

"मी का जाऊ? मागणं तिचं आहे."

डोरिसने जिंजरब्रेडचा तुकडा पुढे केला आणि विषय सोडला. कागद स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या खणात गेला, आणि पेनही त्याच्याजवळ. पेन खरोखर ठेवलं होतं, हे मला डोरिसनेच सांगितलं.

रविवार आला. दोघी तिसऱ्या बाकावर बसल्या. लेटिसने वाट पाहिली. मॉडनेही पाहिली असणार. कागदाचा शब्द निघाला नाही. वारा कुठला आहे, यंदा कोकरं किती झाली, एवढंच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. चारचौघांत असा विषय काढणं म्हणजे अशिष्टपणा, आणि चारचौघांबाहेर त्या आता भेटेनाशा झाल्या होत्या.

एकदा मात्र फार जवळ आलं होतं. १९७३ चा नोव्हेंबर. दवाखान्याचा शेवटचा निकाल आठवड्यावर आला होता. चर्चच्या दारात पाऊस म्हणून दोघी थांबल्या. मॉडचे डोळे सुजलेले होते.

"लेटी," ती म्हणाली.

लेटिस तिच्याकडे वळली. "काय गं?"

मॉडने हातमोजा काढला, पुन्हा घातला. "तुझी छत्री फाटलीय एका बाजूला."

"हो. शिवायला हवी."

"माझ्याकडे दे. शिवून देते."

"नको, असू दे. तुझ्यामागे काय कमी कामं आहेत?"

दोघी पावसात आपापल्या वाटेने गेल्या. ती छत्री दिली असती तर मॉड ती परत द्यायला घरी आली असती, स्वयंपाकघरात त्याच टेबलाशी बसली असती. लेटिसने पुढे हा हिशेब किती वेळा मांडला त्याला गणती नाही.

दवाखाना १९७४ मध्ये बंद झाला. बारा खाटा ट्रकमधून गेल्या. मॉडने व्हरांडा झाडून काढला, किल्ली देऊन टाकली.

१९७९ च्या जानेवारीत मॉडला छातीत दुखायला लागलं. चाळीस मैलांवरच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. निरोप आला तेव्हा खिंडीत कमरेइतकं बर्फ होतं. लेटिसने वाचनालयाची गाडी काढली आणि बर्फ सारणाऱ्या यंत्राच्या मागे मागे, पायी चालल्याच्या गतीने ती निघाली. कागद कोटाच्या आतल्या खिशात होता. सही तिने घरून निघतानाच केली होती.

ती पोचली तेव्हा मॉडला जाऊन पाऊण तास झाला होता.

दफनानंतर मिस्टर फॉदरगिल टोपी हातात धरून तिच्या घरी आले. तेही आता म्हातारे झाले होते. "बाईसाहेब," ते म्हणाले, आणि लेटिसला आधी कळलंच नाही ते कुणाला हाक मारतायत.

"तसं म्हणू नका."

"म्हणायला हवं. तुम्ही एकट्याच उरलात. किताब जागा झालाय. आता तुम्ही स्केलमिअरच्या विसाव्या बॅरोनेस. फक्त दाखल्यांसह दावा दाखल करायचा, की नोंद होईल."

लेटिसने सही केलेला कागद टेबलावर ठेवला. "हा आजच्या तारखेने चालेल का? किताब तिला लावून घ्या. थडग्याच्या दगडावर कोरायला. तेवढंच."

"मागच्या तारखेने मिळत नाही, मिस लेटिस. गेलेल्याला तर नाहीच."

लेटिसने विचारलं, "तिने माझ्याकडे का नाही मागितलं हो? तोंडाने? एका मैलावर तर होते मी."

मिस्टर फॉदरगिल गोंधळले. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. मीही तिला तेच सुचवलं होतं, की जाऊन बोल. ती म्हणाली, 'मी समोर उभी राहून मागितलं तर लेटीला नाही म्हणताच येणार नाही. थोरली ती आहे. मनातून तिला हवा असला तर? पोस्टाने पाठवा. नको असेल तर तिने नुसतं उत्तर देऊ नये. मी समजेन, आणि कधी विषय काढणार नाही.'"

उत्तर न देणं हेच लेटिसचं उत्तर ठरलं होतं, आणि मॉडने ते शहाण्यासारखं मान्य करून अकरा वर्षं तिच्या शेजारी बसून गाणं म्हटलं होतं.

पुढे गावाने थोडी गंमत केली. कसाई म्हणायचा, "बाईसाहेब, मानेचं मटण देऊ की तख्ताला शोभेल असं काही?" लेटिस हसायची आणि मानेचंच घ्यायची. दावा तिने दाखल केला नाही. डोरिसची आणि तिच्या भावाची कुंपणाच्या भांडणावरून बोलचाल बंद झाली, तेव्हा लेटिस भर पावसात गाडी वळवून डोरिसला त्याच्या दारात सोडून आली आणि तो दार उघडेपर्यंत हॉर्न वाजवत राहिली. रविवारी तिसऱ्या बाकावर ती एकटी बसायची. गायची मात्र खालच्याच पट्टीत. वरचा सूर कुणी लावला नाही.

१९८७ च्या मार्चमध्ये तीही त्याच मोठ्या हॉस्पिटलात आली, आणि परत जायचं नाही हे तिला कळलं होतं. दुपारी मिस्टर फॉदरगिल काठी टेकत आले. त्यांनी दाव्याचा कागद पांघरुणावर पसरला.

"एक सही करा. तुमच्यामागे कुणी नाही, किताब इथेच संपतोय. निदान किताबांच्या नोंदवहीत शेवटचं नाव तुमचं लागेल. नाही तर रॉजरसाहेबांवरच रेघ ओढली जाईल."

लेटिसने कागद वाचलाही नाही. बाहेर व्हरांड्यात दोन नर्स मुली कुणाच्या तरी लग्नातल्या केकवरून खिदळत होत्या. ती तिकडे कान लावून होती. मग तिने कागदाची घडी घातली आणि त्यांच्या हातात परत दिली.

"हा घेऊन जा, मिस्टर फॉदरगिल. आणि दार लोटू नका. त्या मुली बोलतायत ते ऐकू येऊ दे मला."