दोर बाबांचा, हेल्मेट कंपनीचं

माझे बाबा झाडं कापतात. कापायचे, असं म्हणायला हवं. रस्त्याकडेच्या मोठ्या झाडांवर दोराने चढून धोकादायक फांद्या उतरवायच्या, हे त्यांचं काम. आईला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आम्ही आलो, आता पासपोर्टही इथलेच आहेत. कोकणात नारळ पाडणाऱ्या बाबांना सिंगापुरातही झाडच सापडलं. मग ते ज्या कंपनीसाठी चढायचे तिचं कंत्राट गेलं आणि बाबांचं कामही.

काम गेलेल्याला सरकार काही महिने मदत करतं, पण तो कुणाकडे तरी नोकरीला असायला हवा. स्वतःचा धंदा असेल तर नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, त्यामुळे फॉर्म माझ्याकडे आला. कायद्याच्या वर्गात हा धडा सोपा वाटला होता. दोन रकाने, नोकर आणि स्वतंत्र कंत्राटदार. वुडलँड्समधल्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबांना समोर बसवलं, तर दोन्ही भरत गेले.

"कुठल्या झाडावर जायचं, कोण सांगतं?"

"सुपरवायझर. रोज सकाळी मेसेज."

"नाही म्हणता येतं?"

"येतं की. मग आठवडाभर मेसेजच येत नाही."

"कुठली फांदी आधी, तेही तोच सांगतो?"

"तो काय सांगणार! तो खाली लॉरीत एसी लावून बसलेला."

"अवजारं?"

"करवत त्यांची, हेल्मेट त्यांचं. दोर माझा."

इथे मी अडले. अवजार स्वतःचं असलं की माणूस कंत्राटदाराच्या रकान्याकडे झुकतो. कंपनी दोर देते, बाबा घेत नाहीत. दुसऱ्याच्या दोरावर चढायचं नाही, हे ते गावाहूनच घेऊन आलेत. दर रविवारी तो बोटांनी वीतवीत चाचपतात, धुतात आणि कपड्यांच्या बांबूवर वाळत घालतात.

"बाबा, कंपनीचा म्हणू या का? देतात तर खरं."

"देतात. मी वापरला का?"

"माझ्या साड्या काढून तिथे दोर घालतात," आई आतून म्हणाली, "आणि तू त्यांना तो लपवायला सांगतेस!"

सरकारी ऑफिसात काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म वाचून मान वर केली. "अंकल, यू वर्कर ऑर बॉस?"

"ऑन द ट्री, बॉस," बाबा अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. "डाउन, वर्कर."

"अय्या अंकल, कान्ट बी बोथ लाह." इथल्या सवयीचं 'लाह' शेवटी जोडून त्या हसल्या, पण त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मी घाईघाईने बाबांच्या फोनवरचे सुपरवायझरचे मेसेज दाखवले. त्या बराच वेळ वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, अवजारांचा फोटो पाठवा, आम्ही बघून कळवतो.

घरी बाबांनी कॉरिडॉरमध्ये हेल्मेट ठेवलं, शेजारी दोराचं वेटोळं. करवत कंपनीने परत नेली होती, हेल्मेट तेवढं राहून गेलं होतं. मी फोन जरा डावीकडे सरकवून फोटो काढला. बाबांनी तो बघितला.

"दोर कुठाय?"

"नसला तर बरं पडेल, बाबा. त्याच्यामुळे मदत जाईल कदाचित."

"अगं, फांदी मोडली तर मी काय हेल्मेट धरून लोंबकळू?"

रागावले नव्हते. मीच वर मान करून बघू शकले नाही. दुसरा फोटो काढला, दोन्ही नीट दिसतील असा. 'नोकर' या चौकटीत खूण केली आणि खाली लिहिलं, दोर त्यांचा स्वतःचा आहे, कंपनीचा मिळत होता, त्यांनी घेतला नाही. का घेतला नाही तेही लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

कॉलेजात हा धडा शिकवणाऱ्या सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "केस इंटरेस्टिंग आहे." मला ते ऐकून आणखीच काही कळेनासं झालं.

उत्तर अजून आलेलं नाही. अर्ज उघडला की 'तपासणी सुरू' एवढंच दिसतं. काल रविवार होता. आईने बांबूवरच्या साड्या आपणहून काढून घेतल्या, आणि दोराचं एक टोक बाबांनी चाचपायला माझ्या हातात दिलं.