कापलेलं वाक्य

माइकसमोर बसल्या की आपा ओढणी कानामागे सारायच्या आणि प्रत्येक बातमीच्या शेवटी म्हणायच्या, "पण हे अजून नक्की नाही बरं का." आमच्या छोट्याशा रेडिओ केंद्रावर त्या विज्ञानाच्या बातम्या सांगत, आधी मराठीत, मग दखनीत. मी ध्वनिमुद्रण करायचो. तुम्ही कधी ऐकलं असेल, तर हे वाक्य तुमच्याही कानात असेल. मी त्यावरून थट्टा करी. त्या म्हणत, "हसा, पण लोक भरवशानं ऐकतात."

एकदा त्यांनी सांगितलं, की फार दूरच्या एका ग्रहाच्या हवेत एक वायू आढळला असावा. तो तिथल्या जिवांनी सोडलेला असू शकेल. कुणीतरी पुढचं वाक्य कापून तेवढाच तुकडा फोनवर फिरवला. खाली लिहिलं : ते येत आहेत.

त्याच आठवड्यात फुलंब्रीजवळच्या एका गावातून सरपंचबाईंचा फोन आला. वैजापूरकडची एक बाई ड्रोननं कपाशीवर औषध फवारायला आली होती. पांढरा सूट, मास्क, डोळ्यांवर जाड चष्मा. ती परग्रहावरचीच समजून लोकांनी तिला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत कोंडलं होतं. पोलीस अजून पोचले नव्हते. फोनाफोनावर आपांचा आवाज वाजत होता.

आपा लगेच माझ्या मोटरसायकलवर बसल्या. वाटभर त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती.

गर्दीत काहींच्या हातात दगड होते. आतून दार बडवण्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. मला पळून जावंसं वाटलं. आपा दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि कापलेलं वाक्य त्यांनी पूर्ण सांगितलं. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. लोक ऐकू लागले.

एका म्हातारीनं विचारलं, "मंग ते कधीच येणार नाय, व्हय?"

'नाही येणार' म्हटलं असतं, तर तिथंच सुटलो असतो.

"ते मला माहीत नाही, मावशी," आपा म्हणाल्या. "आत एक बाई आहे आणि ती घाबरलीय, एवढं माहीत आहे."

गर्दी पुढं सरकली. पण सगळ्यांच्या पुढं ती म्हातारीच होती. तिनं आपांना हातानं बाजूला केलं, कडी काढली आणि कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं.

बाई वाचली. आपा मात्र पुन्हा रेडिओवर बोलल्या नाहीत. एकदा आल्या, कागद हातात घेतला. "हे कुठं तोडलं, तर काय उरेल?" असं विचारून उठून गेल्या. कुणी आवाज ओळखेल म्हणून त्या आता घराबाहेर बोलतच नाहीत, असं त्यांच्या बहिणीनं मला सांगितलं.

परवा शहागंजच्या बाजारात त्या दिसल्या. त्यांनी मेथीकडे बोट दाखवलं, मग दोन बोटं वर केली. भाजीवाला पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत होता. आपा नुसती मान हलवत होत्या.