सुधाकरचा दाढीचा ब्रश

त्या सकाळी मी सुधाकरशी भांडायलाच निघालो होतो. अकोल्याच्या बसस्थानकावर अमरावतीची गाडी लागायची होती आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत उभा होतो. एक जनरेटर बसवायला पाच महिने? तेवढ्यात त्याच्या मुलीचा, रजनीचा फोन आला. "जयभीम काका... बाबा गेले." चहाचा कप हातात होता म्हणे. मी त्याच गाडीने गेलो. भांडण राहून गेलं. महिना उलटला, तरी खरं सांगतो, माझा राग काही गेलेला नाही.

तेल्हाऱ्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. मी मास्तर झालो, तो अमरावतीत गॅसची लाइन टाकणारा फिटर. माझ्या बायकोला, शीलाला, फुप्फुसाच्या दुखण्यामुळे झोपताना ऑक्सिजनचं मशीन लागतं. वीज गेली तर काय, या धास्तीने ती तीन वर्षं घराबाहेर मुक्कामाला गेली नव्हती. तिला एकदा सांचीला जायचं होतं. म्हणून मी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली आणि आत पलंग, ओटा करून घेतला. पेट्रोलच्या वासाने शीलाला ढास लागते, तेव्हा जनरेटर गॅसवरचा घ्यायचा, शेगडी आणि तो एकाच सिलिंडरवर चालवायचे असं ठरलं. "आठ दिवसाचं काम हाये," सुधाकर म्हणाला होता. मीही मूर्खासारखी कॅलेंडरवर खूण केली.

जनरेटर त्याने मागच्या बाजूला, बाहेरून उघडणाऱ्या पेटीत बसवला आणि धुराची नळी गाडीच्या पार पलीकडे काढली. इथपर्यंत ठीक होतं. मग त्याने सिलिंडरच्या नव्याकोऱ्या कप्प्याच्या तळाला सरळ भोक पाडलं. मी ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "गॅस जड असते मास्तर, खाली बसते. तिले जाले वाट पायजे का नाई?" बस एकदा अमरावतीहून घरी आणली, तर आमच्या काळ्या मातीची धूळ त्या भोकातून आत येऊन सिलिंडर मळलेला. मी सरळ फडक्याचा बोळा कोंबला. पुढच्या खेपेला सुधाकरने तो काढून माझ्यासमोर धरला. संध्याकाळी जाळी बसवली आणि एवढंच म्हणाला, "आत वयनी झोपनार हाये बे. तू नाई."

अशाने काम कधी व्हायचं? तांब्याची नळी गाडीच्या सांगाड्याला घासते म्हणून त्याने दोनदा सगळी उपसून काढली. प्रत्येक सांध्याला दाढीच्या ब्रशाने साबणाचा फेस लावायचा आणि डोळे बारीक करून बघत बसायचा. बुडबुडा फुगला म्हणजे तिथे गॅस गळतोय. पाच मिनिटं एकेका सांध्यापाशी! मी म्हणायचो, "अरे, दाढी करून राहिला का गाडीची?" तो हसायचाही नाही. शेवटी एकच सांधा उरला. नळीचं तोंड कर्ण्यासारखं फुलवावं लागतं, ते नीट फुललं नाही, कापून पुन्हा करतो, असं म्हणून तो जेवायला घरी गेला. मला धीर कुठला. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप मी त्या आट्यांवर गुंडाळली, पाना घेतला आणि जीव खाऊन पितळी नट आवळला. त्याला सांगितलं नाही. तो जेवून आला तोच दुसऱ्या कुणाच्या तातडीच्या कामाला निघून गेला. मग मी रोज फोन करायचो, झालं का? आणि तो रोज तेच म्हणायचा, "एक सांधा मले पुन्ना पाहाचा हाये." मी मनात म्हणायचो, तो तर केव्हाच घट्ट झाला, लेका.

त्यासाठीच मी भांडायला निघालो होतो...

रजनीने बस आमच्या दारात पोचवली. सोबत एक स्टीलची डबी दिली, तिच्यात साबणाची वडी आणि तो ब्रश, केस झडून अर्धा झालेला. "बाबा म्हनत, हे मास्तरच्याच गाडीत ठेवाचं." मागच्या रविवारी शीलाने पिशवी भरली, सांचीला नेसायची पांढरी साडी घडी करून ठेवली, आणि बसमध्ये पलंगावर जाऊन बसून बघितलं. तीन वर्षांत तिला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. मी सिलिंडर उघडला. जनरेटर चालू करणार, तर हात थांबला. चिडूनच फेस केला. म्हटलं, चल बाबा, तुझी हौस होऊ दे.

सिलिंडरपासून सुरुवात केली. सुधाकरच्या एकाही सांध्याला काही नव्हतं. शेवटच्याला फेस लावला, बघितलं. एक बुडबुडा आला, हळूहळू बोराएवढा फुगला आणि फुटला. त्याच जागी दुसरा. टेपचं पांढरं टोक फेसातून बाहेर दिसत होतं. मी सिलिंडर बंद केला. ब्रश खाली ठेवला. तो रोज मला सांगत होता, आणि मी गप्प बसलो होतो. आणि आता सॉरी म्हणायलाही तो जागेवर नाही. याचा राग कुणावर काढू?

आतून शीलाने हाक मारली, "झालं का हो? निगाचं ना?"

मी ब्रश उचलला, पुसला. म्हणालो, "थांब थोडी. एक सांधा मले पुन्ना पाहाचा हाये."