अण्णांच्या दारची पत्रिका

बंगळुरातल्या आमच्या मराठी घरांतली लग्नं मुहूर्तामुळे, भटजींमुळे किंवा वधूवरांमुळे पार पडतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या वडिलांच्या चुलतभावाला पाहिलेलं नाही. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. कुणाचंही लग्न ठरलं की अण्णांच्या पायाला भिंगरी लागायची. चिकपेटच्या गल्लीत पत्रिका छापायला टाकण्यापासून शेवटची पत्रिका पोचेपर्यंत हा माणूस धड जेवायचा नाही आणि दुसऱ्यालाही जेवू द्यायचा नाही. पहाटे फोन यायचा, "उठलास का? यादी काढ. जयनगरची धाकटी आत्या राहिली की रे!" आत्या बिचारी तेव्हा साखरझोपेत असायची.

आमंत्रणाचे त्यांचे कायदे होते. पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू हवं. नाव हाताने लिहायचं. उंबऱ्यावर उभं राहून पत्रिका द्यायची नाही. आत जायचं, टेकायचं, अक्षत द्यायची, आणि घरातल्या बाईला कुंकू लावून वेगळं बोलवायचं. एकदा मी तिसऱ्या मजल्यावर दारातूनच पत्रिका देऊन खाली आलो, तर अण्णांनी मला तसंच परत वर पिटाळलं. "पत्रिका आहे ती, टाकून यायला पेपर नव्हे!" फोनवर पत्रिका पाठवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. "जेवायला बोलावून ताटाचा फोटो दाखवल्यासारखं आहे ते," असं त्यांचं म्हणणं. आनेकलला एका नातेवाइकाच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, ठेवा इथे, मी देते. अण्णा दोन बस बदलून परत आले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन बस बदलून गेले. मात्र स्वतः कुणाकडे अर्ध्या कॉफीच्या वर बसले असतील तर शपथ. पेला अर्धा व्हायचा आणि अण्णा उठायचे. "बसायला वेळ कुठाय? पुढचं घर आहे."

आणि सगळ्यांत मोठा कायदा: बोलावणं आल्याशिवाय कुणाच्या मांडवात पाऊल टाकायचं नाही.

माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात यादी अण्णांनी केली, नावं त्यांनी लिहिली, महिनाभर मला सोबत घेऊन त्यांनी अख्खं शहर पालथं घातलं. लग्नाच्या सकाळी कार्यालय भरलं, नादस्वर सुरू झाला, मुहूर्ताला तासभर उरला आणि अण्णांचा पत्ता नाही. फोन उचलेनात. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "अण्णांना पत्रिका कुणी दिली?"

कुणीच दिली नव्हती. यादी करणारा स्वतःचं नाव कसं लिहील? आणि आम्हाला वाटलं, अण्णांना कसलं आमंत्रण, ते तर घरचेच! त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी मुलीला सोडून, पत्रिका आणि मूठभर अक्षता घेऊन, सोवळं सावरत रिक्षात बसलो. रिक्षावाल्याला वाटलं, नवरदेवच पळाला.

दार काकूंनी उघडलं. त्यांना सगळे अक्का म्हणायचे. अंगावर जरीचं लुगडं होतं. "ये बाबा. पहाटेपासून दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. हे हलायला तयार नाहीत." अण्णा खुर्चीत बसले होते. धोतर, कोट, टोपी, सगळं जय्यत. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना स्वस्थ बसलेलं पाहत होतो आणि चुळबुळ माझी चालली होती.

"अण्णा, चला! चुकलं माझं. मुहूर्त—"

"स्वल्प बस आधी. उभ्याउभ्या बोलावतात काय?"

मी बसलो. पाणी प्यालो. अक्षत दिली. त्यांनी चष्मा लावून पत्रिका पहिल्या ओळीपासून वाचली. मी घड्याळाकडे पाहत होतो.

"सरी, ठीक. आता अक्काला वेगळं सांग."

मी अक्कांना कुंकू लावलं, वाकून दोघांना नमस्कार केला. अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "इतकी वर्षं दारोदार गेलो रे," ते म्हणाले, "पण आमच्या दारात कुणी आलंच नाही. सगळ्यांना वाटायचं, अण्णा येतोच. मीही कायदा मोडून जायचो, आज मात्र पाय निघेना." मग एकदम उठून ओरडले, "बघत काय बसलास? मुलीचं लग्न आहे ना तुझ्या!"

परवा धाकटीच्या पत्रिका छापून आल्या. गणपतीपुढे एक ठेवली आणि दुसरी घेऊन थेट अण्णांकडे गेलो. अक्का आता नाहीत, अण्णांचे गुडघे गेलेत, ते घराबाहेर पडत नाहीत. सगळं रीतीने केलं. त्यांनी पत्रिका पूर्ण वाचली, मांडीवर ठेवली. माझी कॉफी अर्धी झाली होती आणि पिशवीत जयनगरच्या पत्रिका होत्या. मी उठलो.

अण्णांनी माझं मनगट धरलं.

"बस की रे स्वल्प," ते म्हणाले. "पुढचं घर कुठं जातंय?"

मी पिशवी खाली ठेवली आणि उरलेली कॉफी हळूहळू प्यायलो.